पगारवाढीतले हातात किती पडते? ऑफर स्वीकारण्याआधी करायचा हिशोब

"पगार वाढला तरी सगळा टॅक्समध्येच जाणार, मग कशाला बदलायची नोकरी?" हिंजवडीपासून खराडीपर्यंत कुठल्याही कॅन्टीनमध्ये हे वाक्य कानावर पडते. त्याच टेबलावर दुसरा कुणीतरी सीटीसी (कंपनीचा त्याच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) पाच लाखांनी वाढला म्हणून महिना चाळीस हजार जास्त मिळतील, असे धरून गाडी बुक करून बसलेला असतो. दोघांचाही हिशोब चुकलेला आहे. आयकर सहसा वाढ गिळत नाही. पण सीटीसीमधली वाढ आणि बँकेत जमा होणारी वाढ यांत मोठे अंतर असते, आणि एका अरुंद पट्ट्यात कर खरोखरच जवळजवळ सगळी वाढ घेऊन जातो. तो पट्टा नेमका पुण्यातल्या चार-पाच वर्षे अनुभवाच्या अनेक पगारदारांच्या वाटेवर आहे.

इथले सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, ६० वर्षांखालच्या पगारदाराचे आणि नव्या करप्रणालीचे (दर कमी, पण वजावटी मोजक्या) आहेत. जिथे जुनी प्रणाली आहे तिथे तसे लिहिले आहे. १ एप्रिल २०२६ ही आयकर कायदा २०२५ च्या अंमलाची तारीख आहे. त्यानंतरच्या वर्षासाठी कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक नव्याने पाहून घ्या.

हिशोबाला बसण्याआधी हे जवळ ठेवा

- सध्याच्या नोकरीच्या शेवटच्या तीन पे-स्लिप आणि सीटीसीचे विवरणपत्र
- नव्या ऑफर लेटरचे विवरणपत्र, ज्यात बेसिक (मूळ पगार), एचआरए (घरभाडे भत्ता), पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ग्रॅच्युइटी (दीर्घ नोकरीनंतर सोडताना मिळणारी रक्कम), व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला पगार) वेगवेगळे दाखवलेले असते
- मागच्या वर्षाचा फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला)
- आयकर पोर्टलवरून उतरवलेले एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण (व्याज, डिव्हिडंड, शेअरविक्री यात दिसते)
- पीएफचे पासबुक (यूएएन या तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकावरचे)
- भाडेकरार आणि गृहकर्ज असल्यास बँकेचा व्याजाचा दाखला
- एक्सेल किंवा साधी वही. पडताळणीसाठी आयकर विभागाच्या संकेतस्थळावरचा टॅक्स कॅल्क्युलेटर

ऑफर लेटरसोबत विवरणपत्र नसेल तर एचआरकडे मागा. "सीटीसी १९ लाख" एवढ्या एका ओळीवर होकार देऊ नका.

१. सीटीसी फोडा

सीटीसी म्हणजे तुमच्यावर कंपनीचा होणारा वर्षाचा एकूण खर्च. त्यातले काही पैसे तुमच्या पीएफ खात्यात जातात, काही पाच वर्षांनी मिळाले तर मिळतात आणि काही कामगिरीवर अवलंबून असतात. म्हणून आधी या चार गोष्टी बाजूला काढा.

कंपनीचा पीएफ हिस्सा बेसिकच्या १२ टक्के असतो. काही कंपन्या पूर्ण बेसिकवर तो काढतात, काही १५,००० रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८००. एकाच सीटीसीच्या दोन ऑफरमध्ये हातात येणारी रक्कम महिन्याला सहज दहा-बारा हजारांनी वेगळी दिसते, ती बहुतेकदा याच कारणाने. कमी पीएफवाली ऑफर "जास्त पगाराची" वाटते. प्रत्यक्षात बचत कमी झालेली असते, एवढेच.

ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के धरली जाते. पाच वर्षे न थांबणाऱ्या कायम नोकरदाराला ती सहसा मिळत नाही, म्हणून तुलनेत ती शून्य धरावी.

व्हेरिएबलचा हिशोब वेगळा करा. तो शंभर टक्के मिळेल असे धरू नका.

राहिलेले विमा हप्ता, जेवण, बस वगैरे. कंपनीने हे आकडे सीटीसीत घातले असतील तर तेही वजा करा. उरते ते ग्रॉस. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ, व्यवसाय कर आणि आयकर गेला की हातात पडणारी रक्कम. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५०० रुपये. महिलांना महिना २५,००० पर्यंत तो लागत नाही.

२. करपात्र उत्पन्न काढा आणि स्लॅब नीट समजून घ्या

नव्या प्रणालीत ग्रॉसमधून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. उरलेल्यावर असा कर:

- ४ लाखांपर्यंत: शून्य
- ४ ते ८ लाख: ५ टक्के
- ८ ते १२ लाख: १० टक्के
- १२ ते १६ लाख: १५ टक्के
- १६ ते २० लाख: २० टक्के
- २० ते २४ लाख: २५ टक्के
- २४ लाखांच्या वर: ३० टक्के

आलेल्या करावर ४ टक्के सेस (उपकर). करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए ची सूट मिळून पगारावरचा कर शून्य होतो. म्हणजे ग्रॉस १२.७५ लाखांपर्यंत पगारदाराला आयकर नाही.

"वरच्या स्लॅबमध्ये गेलो, आता सगळ्या पगारावर वीस टक्के" ही समजूत पूर्ण चुकीची आहे. वरचा दर फक्त त्या टप्प्याच्या वरच्या रुपयांना लागतो. ग्रॉस १५ लाखांवर कर ९७,५०० येतो आणि १८ लाखांवर १,५०,८००. वाढलेल्या ३ लाखांतले ५३,३०० गेले आणि २,४६,७०० राहिले, म्हणजे रुपयातले ८२ पैसे. २५ वरून ३० लाखांवर गेलात तर ५ लाखांतले १,५६,००० जातात आणि ३,४४,००० राहतात. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्येही सेस धरून रुपयातले जवळपास ६९ पैसे तुमचेच. केवळ कराच्या भीतीने चांगली ऑफर नाकारणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे आहे.

३. तुम्ही १२.७५ ते १३.४९ लाखांच्या पट्ट्यात आहात का, ते तपासा

हा या लेखातला सर्वात महत्त्वाचा टप्पा आहे. घाईत असाल तरी हा सोडू नका.

करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या वर एक रुपया गेला की ८७ए ची ६०,००० रुपयांची सूट बंद होते. एका रुपयासाठी ६०,००० कर लागू नये म्हणून कायद्याने मार्जिनल रिलीफ ठेवला आहे: १२ लाखांच्या वर जेवढी रक्कम, त्याहून जास्त कर नाही. हे न्याय्य आहे, पण त्याचा अर्थ असाही होतो की या पट्ट्यात वाढलेला प्रत्येक रुपया करात जातो आणि वर ४ टक्के सेस लागतो. १०,००० वाढले तर १०,४०० गेले.

हा पट्टा करपात्र १२,७०,५८८ रुपयांपर्यंत चालतो, म्हणजे ग्रॉस साधारण १३.४६ लाखांपर्यंत. त्यानंतर नेहमीचा १५ टक्के दर सुरू होतो. पण १२.७५ लाखवाल्याच्या हातात जेवढे पडत होते तेवढेच परत पडायला ग्रॉस १३.४९ लाखांच्या आसपास जावे लागते. थोडक्यात, १२.७५ वरून १३.४० लाखांची वाढ मिळाली तर तुमच्या खिशात काहीही जास्त येत नाही, उलट अडीच हजार रुपये कमीच येतात.

सीटीसीच्या भाषेत हा पट्टा कुठे सुरू होतो? बेसिक ५० टक्के आणि पीएफ पूर्ण बेसिकवर असेल तर सुमारे १३.९२ लाख सीटीसीला. पीएफ १,८०० वर मर्यादित असेल तर १३.२९ लाखांनाच.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. सीटीसी १४ लाख, बेसिक ७ लाख, पीएफ पूर्ण बेसिकवर, व्हेरिएबल नाही.

- कंपनीचा पीएफ ८४,००० आणि ग्रॅच्युइटी ३३,६७० वजा जाता ग्रॉस १२,८२,३३०
- करपात्र १२,०७,३३०, मार्जिनल रिलीफने कर ७,३३०, सेससह ७,६२३
- स्वतःचा पीएफ ८४,०००, व्यवसाय कर २,५००
- वर्षाला हातात ११,८८,२०७, म्हणजे महिना सुमारे ९९,०००

आता एप्रिलमध्ये ८ टक्के हाईक मिळाली. सीटीसी १५,१२,०००. ग्रॉस १३,८४,९१६, करपात्र १३,०९,९१६, कर सेससह ७९,५४७. हातात वर्षाला १२,१२,१४९, महिना सुमारे १,०१,०००. सीटीसी १,१२,००० ने वाढला आणि महिन्याचा जमा आकडा जेमतेम दोन हजारांनी. पेरोलमध्ये चूक झाली असे वाटून माणसे एचआरशी भांडतात. चूक कुणाची नसते. वाढीतले ७१,९२४ रुपये करात गेलेले असतात.

यावर उपाय आहे आणि तो कायदेशीर आहे: कंपनीमार्फत एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना). कलम ८०सीसीडी(२) खाली कंपनीने तुमच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम नव्या प्रणालीतही वजा होते, बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत. वरच्या उदाहरणात बेसिक ७,५६,०००, त्याचे १४ टक्के १,०५,८४०. एवढी रक्कम स्पेशल अलाउन्समधून वळवली तर करपात्र उत्पन्न १२,०४,०७६ वर येते आणि कर सेससह ४,२३९ राहतो. कर ७५,३०८ ने घटला. म्हणजे एनपीएसमध्ये १,०५,८४० रुपये गेले, पण हातातली रक्कम फक्त ३०,५३२ ने कमी झाली. हे पैसे बहुतांशी निवृत्तीपर्यंत अडकतात, हे खरे. पण दुसऱ्या बाजूला त्यातले ७५,३०८ कायमचे करात जात होते.

दोन अटी लक्षात घ्या. तुम्ही स्वतः बँकेतून एनपीएसमध्ये भरलेली रक्कम नव्या प्रणालीत वजा होत नाही, ती कंपनीच्या पगाररचनेतूनच जायला हवी. आणि बहुतेक कंपन्या हा पर्याय वर्षाच्या सुरुवातीला किंवा रुजू होतानाच बदलू देतात, म्हणून मार्चमध्ये जागे होऊन उपयोग नाही.

असाच पट्टा वर ५० लाखांनाही आहे. तिथे १० टक्के सरचार्ज (करावरचा जादा कर) सुरू होतो आणि मार्जिनल रिलीफमुळे करपात्र ५० ते सुमारे ५१.६ लाखांमध्ये वाढ जवळपास सगळी करात जाते.

४. नवी ऑफर त्याच साच्यात घाला

समजा ऑफर १९ लाख सीटीसीची आहे, बेसिक ९.५ लाख, पीएफ पूर्ण बेसिकवर आणि १,९०,००० व्हेरिएबल.

- कंपनीचा पीएफ १,१४,००० आणि ग्रॅच्युइटी ४५,६९५ वजा जाता, व्हेरिएबल धरून ग्रॉस १७,४०,३०५
- व्हेरिएबल पूर्ण मिळाला तर कर सेससह १,३८,३८३ आणि वर्षाला हातात १४,८५,४२२
- व्हेरिएबल अजिबात मिळाला नाही तर कर १,०५,३४८ आणि हातात १३,२८,४५७, महिना सुमारे १,१०,७००

१४ वरून १९ लाख, ३६ टक्के हाईक. दर महिन्याच्या जमेत मात्र ९९,००० चे १,१०,७०० झाले, बारा टक्क्यांच्या आत. व्हेरिएबल पूर्ण धरला तर वाढलेले पाच लाख असे वाटले जातात: हातात २,९७,२१५, आयकर १,३०,७६०, दोन्ही बाजूंचा पीएफ ६०,०००, ग्रॅच्युइटीची तरतूद १२,०२५. पीएफचे ६०,००० तुमचेच आहेत, पण त्यातून घरभाडे देता येत नाही. घराचा ईएमआय ठरवताना १,१०,७०० हाच आकडा धरा.

तुलना आजच्या पगाराशी नको. इथेच राहिलात तर एप्रिलनंतर जे मिळणार होते त्याच्याशी करा. कंपनी बदलणारा जानेवारीत रुजू झाला तर नव्या ठिकाणची पहिली एप्रिल हाईक बहुधा हुकते. ती एका वर्षाची वाढ ऑफरमध्येच मागून घ्या.

५. जुनी प्रणाली एकदा तपासा, मग विसरा

भाडे मोठे आहे किंवा गृहकर्जाचे व्याज चालू आहे, त्यांनीच इथे वेळ घालवावा. जुनी प्रणाली फायद्याची ठरायला ५०,००० च्या प्रमाणित वजावटीखेरीज लागणाऱ्या वजावटी अशा: ग्रॉस १५ लाखांना साधारण ५.४४ लाख, २० लाखांना ७.०८ लाख, २४.७५ लाख आणि त्यावर ८ लाख.

८०सी चे (पीएफ, आयुर्विमा वगैरे गुंतवणुकीचे) १.५ लाख, एनपीएसचे स्वतःचे ५०,०००, आरोग्य विम्याचे २५,००० आणि राहत्या घराच्या कर्जव्याजाचे २ लाख मिळून ४.२५ लाख होतात. उरलेले एचआरएमधून यावे लागतात. पुण्यासाठी २०२५-२६ मध्ये एचआरएची मर्यादा बेसिकच्या ४० टक्के आहे, मुंबईसाठी ५०. बेसिक ९.५ लाख आणि भाडे महिना ३०,००० असेल तर ३,६०,००० वजा बेसिकच्या १० टक्के ९५,०००, म्हणजे २,६५,००० एवढीच सूट, तीही हातात मिळणारा एचआरए तेवढा असेल तर. कर्ज आणि भाडे दोन्ही चालू असलेला माणूस सोडला तर बहुतेकांना नवी प्रणालीच बरी पडते.

वर्षाला एक लाखाच्या वर भाडे असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. घर बघतानाच तो देणार का, हे विचारा. पगाराखेरीज व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर दरवर्षी रिटर्न भरताना प्रणाली निवडता येते, मात्र जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीतच भरले पाहिजे.

६. पुण्यातला खर्च करानंतरच्या पैशातून वजा करा

पगारात एक रुपया वाढतो तेव्हा त्याला कर लागतो. खर्च एक रुपयाने वाढतो तेव्हा तो कर भरून उरलेल्या पैशातून जातो. हा फरक बहुतेक जण विसरतात.

कोथरूडला राहता, सध्याचे ऑफिस चालत जाण्याएवढे जवळ, नवे खराडीला, असे धरा. जाता-येता रोज ४० किलोमीटर, महिन्याला २२ दिवस, ८८० किलोमीटर. पुण्याच्या गर्दीत गाडी लिटरला १२ देते, पेट्रोल १०५ धरले, तर महिना ७,७००. वर्षाला ९२,४००. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून हे भरून काढायला ग्रॉस सुमारे १,१६,७०० ने जास्त हवा. म्हणजे ऑफरमधला एक लाखाहून मोठा तुकडा फक्त पेट्रोलवर गेला, टायर, सर्व्हिसिंग आणि रस्त्यात जाणारे रोजचे दोन-अडीच तास वेगळेच. याउलट वनाझ ते रामवाडी मेट्रोच्या जवळ घर आणि ऑफिस दोन्ही असेल तर हाच खर्च बराच खाली येतो. कंपनीची बस आहे का, ती तुमच्या भागात येते का, आठवड्यातून किती दिवस ऑफिसला जावे लागते, हे प्रश्न पगाराइतकेच पैशाचे आहेत. "हायब्रिड" या शब्दावर समाधान मानू नका, दिवसांची संख्या लेखी घ्या.

आई-वडिलांचा समावेश असलेला गट विमा जुन्या कंपनीत असेल आणि नवीत नसेल, तर साठीपुढच्या दोघांसाठी बाहेर विमा घेण्याचा खर्च आधी काढा. जुने आजार असतील तर प्रतीक्षा काळही विचारा.

७. सोडताना काय गमावता ते लिहा

ग्रॅच्युइटी: पाच वर्षे पूर्ण होण्याआधी सोडली तर ती जाते. महिना बेसिक ५८,३३३ असेल तर पाच वर्षांची रक्कम १५ भागिले २६ या सूत्राने १,६८,२६८ होते, तीही करमुक्त. साडेचार वर्षे झाली असतील तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून घेण्यात अर्थ आहे. पाचव्या वर्षाचे २४० दिवस भरले की ती देय होते, असा अर्थ काही कंपन्या लावतात, काही लावत नाहीत. आपल्या कंपनीचे लेखी घ्या.

जॉइनिंग बोनस: ज्या वर्षी मिळतो त्या वर्षी पूर्ण करपात्र. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये २ लाखांचे १,५८,४०० हातात येतात. वर्षाच्या आत सोडल्यास परत करायची अट असते, आणि अनेक करारांत परत मागतात ते पूर्ण २ लाख. ही ओळ वाचल्याशिवाय सही करू नका.

नोटीस पिरियड: ९० दिवसांची नोटीस विकत घेण्याचे पैसे नवी कंपनी देत असेल तर तीही रक्कम तुमच्या पगारात धरून कर कापला जातो. "बायआउट देऊ" म्हणजे करासकट की कर वगळून, हे विचारा.

पीएफ: नोकरी बदलताना काढू नका, यूएएनवरून ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षांच्या आत काढलेली रक्कम करपात्र होते आणि ५०,००० च्या वर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापला जातो. ट्रान्सफर केल्यास जुनी वर्षे मोजली जातात.

८. कमी पगारातही काही उंबरे आहेत

चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांत आयकराचा प्रश्न क्वचित येतो, पण महिना २१,००० ची ईएसआयसी (कामगार राज्य विमा) मर्यादा येते. ती ओलांडली की एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च हा चालू काळ संपेपर्यंत कपात आणि संरक्षण चालू राहते, पुढे काही काळाने कुटुंबाच्या उपचारांची सोय बंद होते. पगार २०,८०० वरून २१,५०० झाला आणि घरात कुणाचे औषधपाणी चालू आहे, तर कंपनीचा आरोग्य विमा आहे का, हे त्याच दिवशी विचारा.

मुलांच्या शिक्षणाचाही असाच उंबरा आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, दोन्हींना कुटुंबाच्या ८ लाख उत्पन्नाची मर्यादा आहे. मुलगी अभियांत्रिकीला असताना ७.८ वरून ८.२ लाखांवर गेलात तर वाढ चाळीस हजारांची आणि जाणारी शुल्कसवलत त्याहून मोठी असू शकते.

९. वर्षाच्या मध्ये बदलताना जुना पगार नव्या कंपनीला कळवा

नवोदितांचे सर्वात मोठे नुकसान इथे होते. वरच्याच उदाहरणात ऑक्टोबरमध्ये १४ लाखांवरून १९ लाखांच्या कंपनीत गेलात, व्हेरिएबल न धरता. नव्या कंपनीने तुमचे फक्त सहा महिन्यांचे ७,७५,१५२ रुपये पाहिले, ७५,००० वजा केले, १२ लाखांच्या आत म्हणून कर शून्य धरला. जुन्या कंपनीने कापलेला कर होता जेमतेम ३,८०० रुपये. सहा महिने पगार छान भरघोस दिसतो.

जुलैमध्ये रिटर्न भरताना दोन्ही पगार एकत्र येतात: १४,१६,३१७. प्रमाणित वजावट एकदाच. करपात्र १३,४१,३१७ आणि कर ८४,४४५. म्हणजे ८०,६०० रुपये खिशातून भरायचे, शिवाय आगाऊ कर वेळेत न भरल्याबद्दल कलम २३४बी आणि २३४सी चे व्याज, जुलैअखेर भरल्यास सुमारे सात हजार.

हे टाळायला रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात फॉर्म १२बी भरून जुन्या कंपनीतला पगार, कापलेला टीडीएस आणि पीएफ कळवा. सोबत जुन्या कंपनीची शेवटची पे-स्लिप आणि टॅक्स शीट जोडा. फॉर्म १६ ची वाट पाहू नका, तो पुढच्या जूनमध्ये येतो. नव्या पोर्टलवर "मागील उत्पन्न" असा रकाना असेल तर तिथे भरा, आणि पुढच्या पे-स्लिपमध्ये टीडीएस वाढला का ते बघा. वाढला नसेल तर पेरोलने ते धरलेले नाही. मार्च उजाडला आणि तरीही राहिले असेल, तर १५ मार्चपूर्वी स्वतः आगाऊ कर भरा, व्याजाचा मोठा भाग वाचतो.

१०. एचआरला ईमेलवर विचारायचे प्रश्न

- बेसिक किती टक्के? पीएफ पूर्ण बेसिकवर की १,८०० वर, आणि निवड माझी आहे का?
- ग्रॅच्युइटी आणि विमा हप्ता सीटीसीच्या आत की बाहेर?
- मागच्या दोन वर्षांत माझ्या पातळीवर व्हेरिएबल सरासरी किती टक्के दिला गेला? तो महिन्याला, तिमाहीला की वर्षाअखेर? देण्याच्या तारखेला नोकरीत असणे बंधनकारक आहे का?
- कंपनीमार्फत एनपीएस आहे का, आणि तो वर्षात केव्हा बदलता येतो?
- पहिली हाईक कोणत्या महिन्यात?
- आई-वडिलांचा विमा, बस आणि ऑफिसचे दिवस?

फोनवर "काळजी करू नका, सगळे मिळते" असे उत्तर आले तर त्यातले काहीच मिळालेले नाही असे धरा आणि तेच ईमेलवर मागा.

आता वहीत तीन आकडे लिहा: नव्या ऑफरची व्हेरिएबलशिवायची वर्षाची हातातली रक्कम, इथेच राहून एप्रिलनंतर मिळणारी हातातली रक्कम, आणि बदलामुळे वाढणारा वर्षाचा खर्च. पहिल्यातून दुसरा आणि तिसरा वजा करा. वरच्या उदाहरणात १३,२८,४५७ वजा १२,१२,१४९ वजा ९२,४०० म्हणजे २३,९०८ उरतात, महिन्याला दोन हजार. ३६ टक्के हाईकची ही ऑफर, व्हेरिएबल पूर्ण मिळेल याची खात्री नसेल, तर पैशासाठी घेण्यासारखी नाही. कामाचे स्वरूप किंवा पुढची बढती यासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्या. पैशासाठीच घ्यायची असेल तर सही करण्याआधी व्हेरिएबलमधला निम्मा भाग निश्चित पगारात वळवून मागा. सीटीसी तेवढाच राहत असल्याने कंपन्या बऱ्याचदा याला तयार होतात, आणि तुमच्या बाजूने वर्षाला ९५,००० रुपये कामगिरीच्या शेऱ्यावर अवलंबून राहत नाहीत.